अंगण खरंच वाकडं आहे!

‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण शाळेत पाठ केली ती इंजिनिअरिंगलाही पुरली. प्रोग्राम चालला नाही की कॉम्प्युटरला नावं ठेवायची, प्रॅक्टिकल बिघडलं की किटला नावं ठेवायची, आणि मग सरांकडून ही म्हण ऐकून घ्यायची, हा आपला नित्यक्रम. सरांचं बहुतेक वेळा बरोबरच असतं. पण मेंदूच्या एमआरआयवर प्रोजेक्ट करणाऱ्या ग्रुप्सबद्दल मला आज नेमकं उलटं म्हणायचंय. तिथं बऱ्याचदा नाच ठीक असतो आणि अंगणच वाकडं असतं! आम्ही मात्र अंगणाकडे न बघता रात्रभर नाचाची तालीम करत बसतो.

हल्ली फायनल इयरच्या कुठल्याही ब्रँचमध्ये डोकावा, एखादा तरी ग्रुप ‘ब्रेन ट्यूमर सेगमेंटेशन’ करत असतोच. ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एमआरआय म्हणजे एक सपाट फोटो नव्हे, ती छोट्या छोट्या ठोकळ्यांची रास असते. त्या ठोकळ्याला व्हॉक्सेल म्हणतात. सेगमेंटेशन म्हणजे प्रत्येक ठोकळ्यावर चिठ्ठी चिकटवणं : ही गाठ, ही सूज, हा निरोगी भाग. अशा चिठ्ठ्यांची जी फाइल तयार होते तिला मास्क म्हणतात. मास्क मूळ चित्रावर ठेवला की गाठ कुठे आहे आणि केवढी आहे हे डॉक्टरांना दिसायला हवं.

दिसायला हवं! प्रोजेक्टच्या सीझनला होस्टेलच्या खोल्यांमध्ये मात्र वेगळंच दिसतं. मास्क कवटीच्या बाहेर, कानाशेजारी हवेत तरंगत असतो. कधी तो आडवा पडलेला असतो, कधी डोक्यावर उभा. मग उपाय सुरू होतात. कुणी म्हणतं ट्रेनिंग अजून पन्नास फेऱ्या चालव, कुणी म्हणतं मॉडेल बदल, कुणी म्हणतं सॉफ्टवेअरच बोगस आहे. पहाटे चार वाजेपर्यंत हे चालतं. फाइलचं हेडर उघडून बघ, असं मात्र शंभरात एखादाच म्हणतो.

खरी गोम तिथंच असते. परीक्षेच्या दिवशी ब्लॉक नंबर न बघता नुसता बाकाचा नंबर शोधत गेलात तर काय होईल? तिसऱ्या रांगेतलं पाचवं बाक प्रत्येक वर्गात असतं. तसंच व्हॉक्सेलचं आहे. ‘१२०, ८५, ६०’ हा ठोकळ्याचा नंबर झाला. तो ठोकळा पेशंटच्या डोक्यात नेमका कुठे, हे हेडरमधली चार गुणिले चारची अफाइन मॅट्रिक्स सांगते. ठोकळा किती मिलिमीटरचा, रांगा कुठल्या दिशेने मोजायच्या आणि शून्य कुठे धरायचं, या तिन्ही गोष्टी त्या सोळा आकड्यांत बसवलेल्या असतात. मोजणीच्या या चौकटीला स्पेस म्हणतात. एका स्पेसमधला मास्क दुसऱ्या स्पेसमधल्या चित्रावर ठेवला की तो हवेत तरंगणारच. त्यात मॉडेलचा काय दोष?

आता डाव्या-उजव्याची गंमत बघा. पालघरहून बोईसरला निघालात की कोळगावला लागणारं जिल्हा मुख्यालय रस्त्याच्या एका हाताला दिसतं. बोईसरहून परत या, तेच मुख्यालय दुसऱ्या हाताला! इमारत जागची हलली नाही, तुमचं तोंड फिरलं. म्हणूनच आपल्याकडे पत्ता सांगताना लोक ‘पालघर पूर्व’, ‘बोईसर पश्चिम’ असं म्हणतात. माणूस कुठूनही आला तरी रुळांची पूर्व-पश्चिम बदलत नाही.

मेंदूच्या चित्रातही असाच घोळ आहे. रेडिओलॉजिस्ट चित्र बघतात ते पेशंटच्या पायाशी उभं राहून बघितल्यासारखं, म्हणून पेशंटची उजवी बाजू पडद्यावर डावीकडे येते. मेंदूवर संशोधन करणाऱ्या बऱ्याच मंडळींना उलट सवय आहे, त्यांच्या पडद्यावर डावं ते डावंच. झाले दोन पक्ष! फाइलींचंही तसंच. हॉस्पिटलच्या सीडीवर मिळणाऱ्या डायकॉम फाइलमध्ये आकडे पेशंटच्या डावीकडे, पाठीकडे आणि डोक्याकडे वाढत जातात. याला एलपीएस म्हणतात. निफ्टी फाइलमध्ये (शेअर बाजारातली निफ्टी नव्हे!) ते उजवीकडे, पुढे आणि वर वाढतात. हे झालं आरएएस.

फरक म्हटला तर फक्त दोन चिन्हांचा. पण हिशोब करून बघा. उणे ३०, अधिक २०, अधिक १० हा बिंदू आरएएसमध्ये वाचला तर तो शून्यापासून ३० मिलिमीटर डावीकडे आणि २० मिलिमीटर पुढे येतो. तेच आकडे एलपीएस समजून वाचले तर ३० मिलिमीटर उजवीकडे आणि २० मिलिमीटर मागे. दोन्ही जागांमधलं अंतर पायथागोरसने काढा : साठचा वर्ग अधिक चाळीसचा वर्ग, त्याचं वर्गमूळ. सुमारे ७२ मिलिमीटर! माणसाचं अख्खं डोकं दीडएकशे मिलिमीटर रुंद. दोन चिन्हांमुळे गाठ अर्ध्या डोक्याइतकी सरकली.

मास्क हवेत तरंगताना दिसला तर नशीब समजायचं, कारण चूक डोळ्यांना दिसली. खरा धोका न दिसणाऱ्या चुकीत आहे. छातीच्या स्कॅनमध्ये हृदय बघून डावं-उजवं ओळखता येतं. मेंदूचे दोन भाग मात्र जुळ्या भावांसारखे. चित्र आरशात धरल्यासारखं उलटलं तरी ते छान, नीटनेटकं मेंदूचंच दिसतं. जुन्या ॲनालाइझ ७.५ या फाइल फॉरमॅटमध्ये दिशा पक्की नोंदवायची सोय नव्हती, त्यामुळे असे प्रश्न वारंवार यायचे. निफ्टी फॉरमॅट निघाला त्यामागे हे एक मोठं कारण होतं. काही संशोधक तर स्कॅनच्या वेळी डोक्याच्या एका बाजूला व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चिकटवतात. कॅप्सूलमधलं तेल चित्रात चमकतं, आणि मग फाइलचं पुढे काहीही झालं तरी ती बाजू ओळखता येते. लाखो डॉलरच्या मशीनची साक्ष काढायला मेडिकलच्या दुकानातली गोळी!

इथे आमच्या लाडक्या डाइस स्कोअरबद्दल बोललंच पाहिजे. आपला मास्क आणि तज्ज्ञाने हाताने काढलेला मास्क एकमेकांवर किती बसतात हे तो सांगतो. शून्य म्हणजे अजिबात नाही, एक म्हणजे तंतोतंत. रिव्ह्यूला सगळे एकमेकांना हाच आकडा विचारतात, ‘तुझा किती आला?’ पण समजा फाइल वाचताना आपला आणि तज्ज्ञाचा असे दोन्ही मास्क सारखेच उलटले. मग डाइस किती कमी होईल? शून्याने! ०.९१ आला असेल तर ०.९१ च राहील. म्हणजे ज्या आकड्यावर आपण मार्क देतो-घेतो, त्याला गाठ डावीकडे आहे की उजवीकडे याचा पत्ताच नसतो.

आता कुणी म्हणेल, आपण कुठे ऑपरेशन करायला निघालोय? मान्य. पण बाजू चुकणं ही काही पुस्तकातली भीती नाही. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड हॉस्पिटलमध्ये २००७ या एकाच वर्षात मेंदूची शस्त्रक्रिया चुकीच्या बाजूला होण्याचे तीन प्रकार घडले. त्यात अशा सॉफ्टवेअरचा दोष नव्हता, चुकली ती माणसं. पण शिकलेली, अनुभवी माणसंसुद्धा बाजू चुकतात एवढं त्यावरून कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली, तिच्यात ऑपरेशनच्या जागेची खात्री करणं आहेच. सर्जनला यादी लागते, आणि आपल्याला लागत नाही?

हा प्रश्न आमच्या मुलांना दिसत का नाही, याचं उत्तर मेसमध्ये आहे. आपण वाढलेल्या ताटावर बसतो, भाजी निवडलेली कुणी बघितलीय? ट्यूमरचे बहुतेक प्रोजेक्ट ज्या ब्राट्स स्पर्धेच्या डेटावर चालतात तो असाच वाढून मिळतो. प्रत्येक स्कॅन एसआरआय २४ नावाच्या ॲटलासवर बसवलेला, कवटी काढून टाकलेली, ठोकळा सगळीकडे एक मिलिमीटरचा, आकार २४० गुणिले २४० गुणिले १५५. सगळं अंगण सारवून, रांगोळी घालून तयार! २०२१ च्या स्पर्धेत ट्रेनिंगलाच असे १,२५१ पेशंटचे स्कॅन होते. हे सारवण्याचं काम कुणीतरी केलंय, आणि त्यात आपली माणसंही आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधून या संग्रहात स्कॅन गेले आहेत. २०२१ च्या स्पर्धेची माहिती देणाऱ्या शोधनिबंधाचे पहिले लेखक उज्ज्वल बैद हे नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी इंजिनिअरिंग कॉलेजमधून पुढे गेलेले. नांदेडहून तिथवर जाता येतं, तर आपल्या इथून का नाही? पण त्यासाठी ताटावरून उठून स्वयंपाकघरात जावं लागेल.

स्वयंपाकघर म्हणजे खरा पेशंट. आपल्या पालघर-बोईसर भागातल्या माणसाचं उदाहरण घ्या. एक स्कॅन वापी-सिल्वासाकडे होतो, तीन महिन्यांनी दुसरा मुंबईला. पिशवीत दोन सीड्या. गाठ वाढली की कमी झाली, एवढाच घरच्यांचा प्रश्न असतो. दोन्ही फाइलींमधले मिलिमीटर अगदी बरोबर असले तरी एकमेकांशी जुळत नाहीत, कारण त्यांचं शून्य त्या त्या मशीनशी बांधलेलं असतं आणि डोकं दोन्ही वेळा वेगळ्या जागी, वेगळ्या कोनात टेकलेलं असतं. आधी एक स्कॅन दुसऱ्यावर बसवावा लागतो. त्यातून जी मॅट्रिक्स मिळते ती पहिल्याकडून दुसऱ्याकडे नेणारी की उलटी, हे न बघता लावली तर सरकलेलं आणखी दुप्पट सरकतं.

आकारमानाचंही तसंच. हॉस्पिटलच्या रोजच्या स्कॅनमध्ये ठोकळा ०.५ गुणिले ०.५ गुणिले ५ मिलिमीटरचा असू शकतो, म्हणजे १.२५ घन मिलिमीटर. गाठीत १६,००० ठोकळे असतील तर गाठ २० मिलिलीटरची झाली. हेडर टाकून देऊन ठोकळा एक मिलिमीटरचा धरला तर तीच गाठ १६ मिलिलीटर! चार मिलिलीटर गाठ औषधाशिवाय गायब झाली. पेशंटच्या घरी पेढे वाटले जातील, ते कुणाच्या जिवावर?

सॉफ्टवेअर बदललं की नवा घोळ. फ्रीसर्फर हे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या मार्टिनोस सेंटरमधलं फुकट मिळणारं, नावाजलेलं सॉफ्टवेअर. ते आलेला स्कॅन आधी २५६ च्या घनात, एक मिलिमीटरच्या ठोकळ्यांत बसवून घेतं, आणि मेंदूचे पृष्ठभाग आखताना शून्य त्या घनाच्या मध्यावर धरतं. मशीनचं शून्य वेगळीकडे असतं. दोहोंमधला फरक हेडरमध्ये लिहिलेला असतो. तो फरक मिळवला नाही की दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पृष्ठभाग चित्राच्या बाजूला सरकलेला दिसतो, आणि पोरं म्हणतात फ्रीसर्फर गंडलं. ते गंडलेलं नसतं, दुसऱ्या अंगणात उभं असतं.

सिव्हिलच्या मित्रांना हे लगेच पटेल. भारतीय सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर बेतलेले, मोबाइलचं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. पृथ्वी तीच, पण अक्षांश-रेखांशाचे तेच आकडे दोन ठिकाणी घेऊन जातात. मेंदूच्या ॲटलासांचंही असंच. टालैराख आणि टूर्नू यांचा १९८८ चा गाजलेला ॲटलास एका स्त्रीच्या मेंदूवरून काढलेला, तर मॉन्ट्रियलचा एमएनआय १५२ हा १५२ जणांच्या सरासरीचा आणि आकाराने मोठा. दोन्हींतले आकडे सारखे वाचून चालत नाही. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये १०० भारतीयांच्या स्कॅनवरून भारतीय मेंदूचा ॲटलास केला, त्यात आपला सरासरी मेंदू पाश्चात्त्यांपेक्षा लहान दिसला. तेव्हा कुठल्या ॲटलासमधला आकडा, हे न सांगता आकडा सांगणं म्हणजे किलो की पाउंड हे न सांगता वजन सांगणं.

‘पण आता सॉफ्टवेअर सगळं आपोआप करतं’ हे मी हमखास ऐकतो. थोडं खरंही आहे. एनएन-यूनेट ठोकळ्याचा आकार स्वतः वाचतं, मोनाईमध्ये सगळ्या फाइलींची दिशा सारखी करून घ्यायची सोय आहे. पण ही साधनं हेडरवर विश्वास ठेवतात. आपण काय करतो? फाइल उघडतो, आतले आकडे घेतो, आणि सेव्ह करताना खऱ्या मॅट्रिक्सच्या जागी आयडेंटिटी मॅट्रिक्स ठोकून देतो, कारण एआयने लिहून दिलेल्या कोडमध्ये तसंच होतं! किंवा स्लाइसेसचे सरळ पीएनजी करतो, मग हेडरच संपलं. खोट्या पत्त्यावर पोस्टमन कितीही प्रामाणिक असला तरी पत्र चुकीच्याच घरी पडणार.

रडगाणं पुरे. मी म्हणतो ते करायला नवी लॅब नको, नवं ग्रँट नको. मास्क बसत नसेल तर या क्रमाने बघा :

१. मॉडेलला हात लावण्याआधी चित्राचं आणि मास्कचं हेडर शेजारी-शेजारी छापा. आकार, ठोकळ्याचं माप, दिशेची तीन अक्षरं आणि मॅट्रिक्स जुळते का बघा. निफ्टीमध्ये क्यूफॉर्म आणि एसफॉर्म अशा दोन नोंदी असतात. दोन्ही भरलेल्या असतील तर त्या आपसात भांडत नाहीत ना, तेही बघा.

२. मास्क ज्या चित्रावरून काढला त्याच चित्रावर आधी ठेवा, तिन्ही बाजूंनी बघा. तिथे बसला तर मॉडेल निर्दोष, भानगड पुढच्या प्रवासात आहे.

३. मास्क एका स्पेसमधून दुसरीत नेताना शेजारच्या ठोकळ्यांची सरासरी काढू नका, सर्वांत जवळच्या ठोकळ्याचीच चिठ्ठी उचला. ब्राट्सच्या २०२१ च्या मास्कमध्ये १ म्हणजे गाठीचा मेलेला भाग, २ म्हणजे सुजेचा भाग, ४ म्हणजे औषधाने चमकणारा भाग. १ आणि ४ ची सरासरी अडीच. तो आकडा इकडे झुकला तर नसलेली सूज तयार झाली, तिकडे झुकला तर ३ नंबरची चिठ्ठी, जी यादीतच नाही!

४. नेण्याआधी आणि नेल्यावर गाठीचं आकारमान मिलिलीटरमध्ये काढा. फार फरक पडला तर थांबा.

५. स्कॅनच्या प्रतीत एका बाजूला मुद्दाम एक चमकता ठिपका ठेवा आणि पूर्ण प्रोग्राममधून फिरवून आणा. शेवटी तो त्याच बाजूला निघाला पाहिजे. आपली कॉम्प्युटरवरची कॅप्सूल!

६. ट्रेनिंगचा डेटा वाढवायला चित्रं डावी-उजवी उलटवत असाल तर लेबलंही बदला. फ्रीसर्फरच्या यादीत डावा हिपोकॅम्पस १७, उजवा ५३. चित्र उलटलं आणि १७ चं १७ च राहिलं तर मॉडेल खोटं शिकलं.

सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. त्यापायी वाया जाणाऱ्या रात्रींचा हिशोब होस्टेलवाल्यांनी स्वतःच करावा.

सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. व्हायवाला ‘ॲक्युरसी किती?’ हा प्रश्न जरूर विचारा, पण तो दुसरा विचारा. पहिला प्रश्न असा हवा, ‘हा मास्क कोणत्या स्पेसमध्ये आहे, आणि पेशंटची डावी बाजू पडद्यावर कुठली?’ उत्तर आलं नाही तर पुढच्या आकड्यांना अर्थ नाही. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये यासाठी एक पान सक्तीचं करा, पाच मार्क ठेवा. आम्ही मार्कांशिवाय हलत नाही, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. सातव्या सेमिस्टरच्या सुरुवातीला एक प्रॅक्टिकल फक्त हेडर वाचण्याचं घेतलं, तर वर्षभराची आरडाओरड निम्मी होईल.

आणि मित्रांनो, ग्रुपमध्ये कुणी ‘आधी अंगण बघू’ म्हणालं तर त्याला येडा समजू नका. वरची यादी लॅबच्या भिंतीवर चिकटवायची माझी तयारी आहे, झेरॉक्सचे पैसेही माझे. सातवा मुद्दा कुणाला सुचला तर खाली पेनने लिहावा. पटलं नसेल तर रात्री मेसमध्ये भेटू, भांडू!